उभ्यानं जेवलो तो दिवस

सोयाबीनचं पोतं ट्रॉलीत टाकताना माझ्या खुब्याचा स्नायू ताणला गेला. सेनगावच्या डॉक्टरांनी महिनाभर मांडी घालून बसायला मनाई केली. त्यातच शेजारी बारसं निघालं आणि अंगणात पंगत बसली. मला खुर्ची देऊ केली, पण सगळ्यांची ताटं जमिनीवर आणि मी एकटाच वर, हे मला पटेना. चिडूनच ताट घेतलं आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

बुफेला मी जन्मभर नावं ठेवली आहेत. हिंगोलीच्या एका लग्नात उभ्यानं जेवणाऱ्या चुलतभावाला मी चारचौघांत म्हणालो होतो, "उभ्यानं ढोरं खातात."

तोच चुलतभाऊ आता वाढलेलं ताट घेऊन पंगतीतून उठला आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"काहून उठलास? बस की खाली," मी म्हणालो.

"तुझ्या गोठ्यात अजून एका ढोराला जागा हाय का न्हाई?" असं म्हणून त्यानं पोळीचा घास मोडला. माझं ताट संपेपर्यंत तो हलला नाही.

आता खुबा बरा आहे, मांडीही नीट घालता येते. त्याचे आभार मानायचं मला अजून जमलेलं नाही. पण कुठंही पंगतीत बसण्याआधी मी एकदा भिंतीकडे बघून घेतो.