सखूबाईंची गाणी आणि माझा 'अनसेफ' मोड

मंडळी, आज माझ्या हातून लई वाईट झालं.

नांदेडच्या एका कॉलेजात मी सर्व्हर सांभाळतो. फाइली हळू चढतात म्हणून मीच व्हर्च्युअल मशीनचा डिस्क कॅश 'अनसेफ' मोडवर टाकला. त्यात डेटा मेमरीतच थांबतो, नेटवर्कवरच्या डिस्कवर मागून जातो. स्क्रीन मात्र लगेच 'सेव्ह झालं' म्हणते.

सकाळी मराठीच्या मॅडमनी बिलोलीच्या सखूबाईंची भीमगीतं चढवली. 'सेव्ह झालं' दिसल्यावर नेहमीसारखं रेकॉर्डरच्या कार्डावरची गाणी पुसून त्यावर दुसरं रेकॉर्डिंग केलं. दुपारी लाईट गेली, मेमरीतला डेटा अर्धाच लिहिला गेला आन् गाण्यांसकट अख्खी डिस्कच बिघडली.

"सखूबाईंना परत गायला लावू की," मी म्हणालो.

"सर, त्या मागच्या महिन्यातच गेल्या हो."

मॅडम चिडल्या न्हाईत. रेकॉर्डर पर्समध्ये ठेवून निघून गेल्या.

'अनसेफ' हे नाव वाचूनही मी तो मोड निवडला होता. सांगा, उद्या कोणत्या तोंडानं त्यांच्यासमोर जाऊ?