विहिरीकडून पहिली शेड

कळंबच्या रोपवाटिकेतले ते काम मी एकटीच्या बळावर घेतलेले पहिलेच. सहा शेड, प्रत्येकीत तापमान मोजणारी एक मायक्रोकंट्रोलर चिप, आणि सर्वांना कचेरीतल्या संगणकाशी जोडणारी एकच तारांची जोडी. संगणक क्रमांक पुकारतो. ऐकतात सहाही जणी, पण जिचा पत्ता जुळतो तीच उत्तर देते. खोपोलीला घरी, संगणकाशिवाय, त्यांचा आपसातला संवाद निर्दोष चालला होता. इथे पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे. मालक म्हणाले, “शनिवारपर्यंत बघतो. नाही जमलं तर तारा काढून न्या.”

शुक्रवारी हिशेब पुन्हा मांडला. संवादाचा वेग, म्हणजे बॉड रेट, मी ९६०० ठेवला होता. त्याहून कमी वेग मला कमीपणाचा वाटे. चिपच्या घड्याळाचा वेग भागून तो काढायचा, तर भाजक सव्वातीन हवा होता. चिपला पूर्णांकच चालतो, म्हणून मी तीन लिहिले होते. सहाही जणी सारख्याच चुकीच्या वेगाने बोलत होत्या. म्हणूनच घरी त्यांचे एकमेकींशी जमले. संगणकाचा वेग मात्र अचूक होता. २४०० साठी भाजक जवळपास नेमका तेरा आला. शेडच्या तापमानाला तेवढा वेग पुरेसा होता. दोन्हीकडे तो बदलला आणि पडद्यावर सहा आकडे उमटले.

मी मुकादम मावशींना बोलावले. त्या आकडे वाचून हसल्या.

“एक नंबरात मी आत्ताच फवारा मारलाय. तिथं छत्तीस कसं गं? तुझ्या यंत्रालाच ताप आलाय.”

“एक म्हणजे फाटकाजवळची ना?”

“फाटकाकडनं कोन मोजतं? आमी विहिरीकडनं मोजतो. पानी तिकडनंच येतं नाय का?”

मी न विचारता पत्ते फाटकापासून दिले होते. संध्याकाळपर्यंत सहाही चिप्समध्ये ते उलट्या क्रमाने भरले.

शनिवारी मालक आले. मावशींनी कचेरीच्या दारातूनच शेडमधल्या बायकांना हाक दिली, “तीनचा बाजूचा पडदा वर घ्या गं, वारा येऊ द्या!” काही मिनिटांत तीनचा, आणि फक्त तीनचाच, आकडा उतरू लागला.

मालकांनी बाकीचे पाच आकडे एकेक करून तपासले. “राहू द्या तारा,” ते म्हणाले. “दहिवलीला भावाची रोपवाटिका आहे, तिथंही बसवा. तिथं विहीर नाही, बोअर आहे. कुठून मोजतात ते आधी विचारून घ्या.”