नैवेद्याआधी

आमच्या पाथर्डीकडच्या गावात सप्ताहाचा स्वयंपाक आचारीमामांचा. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय मामांनी कधी बोटाला लागलेली आमटीसुद्धा जिभेला लावली नाही. मीठ ते वासावर ओळखायचे. शेजारची म्हणून मी कांदे चिरायला जायची. एकदा मी विचारलं, "मामा, खारट झाली तर?" तर म्हणाले, "खारट झाली तर देव पानी पिईल. पन देवाआधी मी कोन खानारा?"

मग त्यांना कंपवात झाला. हात कापू लागला, झारा काहिलीच्या काठावर वाजू लागला. लोकांना त्याचं हसू यायचं. नगरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, थरथर कमी झाली, आणि भलतंच सुरू झालं. मामा घरात दिसेल ते तोंडात घालू लागले. भाकरीचं कच्चं पीठ, नातवाच्या हातातलं बिस्कीट.

त्या वर्षी सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी नैवेद्याचं ताट भरायच्या आत मामांनी काहिलीतली गरम बुंदी मुठीने उचलून तोंडात कोंबली. तोंड पोळलं, पाक हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळला, तरी दुसरी मूठ भरलीच. सप्ताह कमिटीचा अध्यक्ष ओरडला, "म्हाताऱ्यानं परसाद बाटवला!" सगळी बुंदी ओढ्यात ओतली. मामांच्या हातचं खाऊन ढेकर दिलेली माणसं बाजूला थुंकत होती. मला किळस आली ती त्या थुंकण्याची.

मामींनी डॉक्टरला विचारलं. परत आल्यावर मला सांगत होत्या, "हात कापतो त्यो दिसतो गं. पन ह्या दुखन्यात मन आवरनारी ताकद बी ढिली पडती, आन् गोळीनं ती आनखी सुटती. मनात आलं की झालंच, मधी अडवनारं कोनी न्हाई."

मामा खाली बघून म्हणाले, "मला कळतं पोरी. पन हात आधी जातो, मी मागनं पोचतो."

हे मी अध्यक्षाला जाऊन सांगितलं. "व्हय का?" म्हणाला, आणि दुसऱ्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर चांगली पन्नाशीची माणसं मामांपुढे पेढ्यांचा बॉक्स उघडून मोबाईल धरून बसली होती. मामा खात होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हे खिदळत होते. अध्यक्ष सगळ्यांत मोठ्याने. मी बॉक्स हिसकावून गटारात फेकला. त्या व्हिडिओवर गावच्या ग्रुपमध्ये हसरे चेहरे टाकणाऱ्यांत माझा चुलत दीरही होता. त्याला मी अजून घरात घेत नाही.

मामांनीच डॉक्टरला सांगितलं, "गोळी कमी करा. हात कापू द्या, पन आवरू द्या." डॉक्टरने बेताबेताने कमी केली. थरथर दुपटीने परतली. मामा रोज सकाळी देवापुढे गुळाचा खडा ठेवायचे आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. मामींची पूजा आटोपेपर्यंत थांबायचं, एवढीच साधना. कित्येक दिवस खडा आधीच तोंडात जायचा, मग दिवसभर ते कुणाशी बोलायचे नाहीत. एका सकाळी कुंपणावरून मला हाक मारली, "पोरी, आज हात थांबला!" पुढे तो रोज थांबू लागला. सप्ताह जवळ आला तसा मामांनी झारा घासून ठेवला. "औंदा बोलावतील का गं?"

बोलावलं नाही. मी कमिटीकडे दोनदा गेले. "लोकांना कसंतरी हुतं," अध्यक्ष म्हणाला, पेढ्यांचा बॉक्स उघडणारा हाच. काल्याच्या दिवशी मामा धुतलेला सदरा घालून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसले होते. त्या हिवाळ्यात ते गेले.

तेराव्याला बाहेरचा आचारी आणला होता. पळीने आमटी चाखायचा, मीठ टाकायचा, पुन्हा चाखायचा. अध्यक्ष पुढे झाला, "बघू कशी जमलीय," म्हणत काहिलीतली मूठभर बुंदी तोंडात टाकली आणि बोटं चाटली. कुणी थुंकलं नाही. मामांच्या फोटोपुढचं पान अजून वाढायचं होतं.