ठेंगणी चौकट

गोष्टीच्या शेवटी भिकारीच राजा निघाला की बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून "अगं बाई!" म्हणतात. मला राग येतो. सांगणाऱ्याला आधीपासून सगळं ठाऊक असतं आणि तो आपल्याला खेळवत बसतो. असल्या माणसाचा मी भरवसा धरत नाही.

हा संशयी स्वभाव मला लोधिवलीला सासरी जडला. लग्नाला महिना झाला नाही तोच हे पलटणीत भरती होऊन जर्मनच्या लढाईवर गेले. त्या महिन्यात मी मान वर केली नव्हती. ह्यांचे पाय ओळखले असते, तोंड नाही. वर्षभर कागद आले, मग थांबले. सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तरी ती रोज ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायची.

सुगी झाली की गावात बहुरूपी यायचा. कधी फौजदार, कधी वैद्य. आधी घर घाबरवायचं, मग सोंग उघडं करून सुपभर भात न्यायचं, अशी रीत. एका साली तो मेला शिपाई होऊन आला. "आये, मी आलो!" म्हणाला. सासू धडपडत उठून त्याच्या गळ्यात पडली, त्याला आत ओढू लागली. आमच्या घराची चौकट ठेंगणी, नवखा माणूस हटकून डोकं आपटतो. याचं कपाळ असं आपटलं की मिशीच गळून पडली. गाव हसलं. सासू दोन दिवस जेवली नाही. तेव्हाच मी ठरवलं, या उंबऱ्यावर पुन्हा कुणाला तिची फसवणूक करू द्यायची नाही.

पुढल्या सुगीत, भर दुपारी, मी अंगणात भात पाखडत होते. सासू आत आडवी झाली होती. खाकी कपड्यातला एक माणूस कुंपणाशी येऊन उभा राहिला. गाल बसलेले, पायांत बूट.

"आय हाय का घरात?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मागल्या सालचंच सोंग? लाज नाय वाटत रं? हळू बोल, म्हातारी जागी व्हईल."

"सोंग नाय गं. मी..."

"पुढचं मला ठावं हाय." मी सूप पुढे केलं. "घे भात नि चालता हो."

मिशी ओढून बघावी असं मनात आलं, पण हात धजला नाही. त्यानं खांद्यावरचं फडकं पसरलं, भात घेतला, गाठ मारली. मला हायसं वाटलं. पण तो माघारी वळलाच नाही, घराकडे निघाला. मी सूप टाकून मागे धावले. चौकटीशी तो थांबला नाही, वर बघितलं नाही. नुसता वाकला आणि आत गेला. डावीकडच्या अंधारात आमची कणगी होती. तिच्यात भात ओतल्याचा आवाज आला.

मी उंबऱ्याशीच थबकले. आतून सासूचं रडणं ऐकू येत होतं. गोष्ट ऐकणाऱ्या बायांना अशा वेळी नुसता आनंद होतो. मलाही झाला, पण त्याआधी शरम वाटली. मी ह्यांना ह्यांच्याच दारात भीक घातली होती.

हे त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. माझा संशयी स्वभाव मात्र जाईना. कितीतरी वर्षं, हे शेतावरून आले की हातातलं काम थांबवून मी चौकटीकडे बघायची. ह्यांना ते कळलं होतं. आत येताना म्हणायचे, "बघ गं, वाकलो."