मेजरअण्णा आणि माझी गाठ

केशवापुरातल्या आमच्या गच्चीवर लेकीनं दोर उन्हात टाकलाय. उद्या ती पोरांना घेऊन डोंगरात निघालीय. तापलेल्या दोराचा धुळकट वास नाकात गेला आणि मी थेट रायापूरपलीकडच्या जुन्या दगडखाणीच्या काठावर जाऊन उभी राहिले.

फौजेतून निवृत्त झाल्यावर हिमालयातल्या हिमनद्या पालथ्या घालून आलेले मेजरअण्णा रविवारी आम्हा धारवाडच्या पोरापोरींना तिथं कडा उतरायला शिकवायचे. त्यांचा एक शिरस्ता होता. सगळ्यात नवा जो असेल त्यानं गाठ मारायची आणि त्या गाठीवर पहिले अण्णा उतरायचे.

त्या दिवशी नवी मी होते.

"अक्का, आय्ता? झालं?" त्यांनी विचारलं.

मी गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. "अण्णा, एकदा बघा तरी."

"बघायचं काय त्यात?" असं म्हणत त्यांनी खाणीकडे पाठ केली आणि सगळं वजन टाकून मागे झुकले. दोर करकरला, पण गाठ हलली नाही. या माणसानं न बघता जीव माझ्या हाती दिला, म्हणून कितीतरी दिवस मी ताठ मानेनं चालत होते.

"आई, गाठ बरोबर आहे का बघ ना," कठड्याला दोर बांधून लेक विचारतेय.

"बघायचं काय त्यात?" दोरीवरचे कपडे काढत मी म्हणते.

तिनं शेवटचा पीळ ओढला तेव्हाच डोळ्याच्या कोपऱ्यातून मी सगळी गाठ पाहून घेतलीय. अण्णांनीही तशीच पाहिली असणार. गंमत म्हणजे, हे कळूनही माझी मान अजून ताठच आहे.