शकुनची म्हातारी

शकुन पहिल्यांदा म्हातारी झाली ती तेविसाव्या वर्षी. अकोल्याच्या हौशी मंडळींकडे ती गेली होती नायिका व्हायला. पण आवाज पडला घोगरा. त्यांनी केसांना पावडर फासली आणि हातात काठी दिली. त्या म्हातारीने स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस आणलं आणि पोरीचा घात झाला. एवढीशी पोर काय हुबेहूब म्हातारी करते, असं जो तो म्हणू लागला.

लग्न होऊन ती अमरावतीला आली. दिवसभर नवऱ्याच्या, किसनरावांच्या फुलांच्या दुकानात हार गुंफायचे, संध्याकाळी तालमीला पळायचं. तिथेही आजी नाहीतर सासूच. नायक तिच्याहून चांगला थोराड, केस काळे करून आलेला, आणि ही त्याची आई! नायिका मागितली की दिग्दर्शक गोड बोलत, "नायिका ढिगानं भेटतात, तुमच्यासारखी म्हातारी कुठून आणू?" या कौतुकावरच तिची बोळवण झाली. तिलाही ते गोड लागायचं, हे खरं.

यंदा तिला साठावं लागलं. आणि मंडळाचा तरुण दिग्दर्शक मनोज, त्याने नाटक निवडलं ते सगळंच्या सगळं एका म्हातारीचं. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत तीच. शकुनने भूमिका जाहीर व्हायच्या आत अख्खं नाटक पाठ केलं. मनोजने म्हातारी दिली कॉलेजातल्या आचलला.

"काहून रे मनोज?"

"मावशी, वाईट नका मानू. तुमी आता खरोखरच म्हाताऱ्या झाल्या. परीक्षक म्हणन, यात अॅक्टिंग काय? आचलनं केली त मेहनत दिसते. बक्षीस आपलंच."

शकुनचं डोकं सणकलं. पण भांडणार कशावर? याच हिशेबाने तर ती आयुष्यभर टाळ्या घेत आली होती. तेवढ्यात मनोज म्हणाला, "हिले जरा वाकून चालून दाखवा ना. तिले जमून नाही राहिलं."

शकुन उठली ती ताठ उभी राहिली.

"मंग मले सून दे," ती म्हणाली. "नाटकात सून हाये ना, अठरा वर्षांची? माह्यीबी मेहनत दिसन."

तालमीच्या खोलीत हशा पिकला. आचलने तर टाळ्या पिटल्या. मनोज डोळे पुसत म्हणाला, "मावशी, तुमीबी ना!" आणि पुढच्या प्रवेशाची पानं उलटू लागला.

शकुन उत्तराची वाट पाहत तशीच उभी होती.