कापूस तुडवणारी

मी मॅट्रिकला असताना जळगावात आमच्या कथकच्या वर्गाला लागून कापसाच्या व्यापाऱ्याचं आवार होतं. तिथे एक बाई लुगडं खोचून, गाडीत भरलेला कापूस पायांनी तुडवायची. कापूस चढत गेला की ती आमच्या खिडकीएवढी उंच व्हायची. मग तिचे पाय आमच्या तबल्याच्या ठेक्यावर पडू लागायचे. आम्ही मुली हसायचो.

एकदा एका तुकड्यात मी सारखी चुकत होते. बाहेरून ती हळूच म्हणाली, "ताई, तुनी टाच उशिरा पडस."

मला रागच आला. मी जाऊन खिडकी लावून घेतली.

पुढच्या वेळी टाच जरा आधी टाकली, तर तुकडा नेमका समेवर आला. गुरुजी "वा" म्हणाले. ती वाहवा कुणाची, हे मला कळत होतं. तरी खिडकी मी उघडली नाही.